करमळीला ताण नको, आडोसा द्या

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरामागे पश्चिमेच्या कुंपणाला लागून ५ वर्षांपूर्वी स्टारफ्रूटचं रोप लावलं. दापोलीहून परतताना वाटेतल्या नर्सरीतून आणलं होतं, कलमी की बियाचं ते माहीत नाही. झाड आता डोक्याच्या वर गेलंय. गेली २ वर्षं बारीक गुलाबी फुलं भरपूर येतात, आठवडाभरात खाली सडा पडतो आणि फळ एकही धरत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. सांगोल्याला माझ्या दिरांची डाळिंबाची बाग आहे. त्यांच्या सांगण्यावरून गड्ड्याची जत्रा (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) झाल्यावर पाणी तोडलं आणि ३ आठवडे ताण दिला, तर अर्धी पानं गळून गेली. शेजारचे म्हणतात, झाड नर आहे, काढून टाका. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे झाडांना बोअरचंच घालते. संध्याकाळी पानं मिटलेली दिसतात म्हणून आता रोज रात्री पुन्हा पाणी देते. आणि एक, सासूबाईंना मधुमेह आहे. फळ धरलंच तर त्यांना चालेल का?

उत्तर : ताई, झाड काढू नका. २ वर्षं फुलं येतायत म्हणजे झाड वयात आलंय. बियाचं करमळ, म्हणजे तुमचं स्टारफ्रूट, फुलायलाच ४-५ वर्षं घेतं, कधी त्याहून जास्त. ती वाट तुम्ही पाहून झालेली आहे. आता नेमकं फळाच्या उंबरठ्यावर कुऱ्हाड लावायची म्हणजे सगळे कष्ट मातीत.

शेजाऱ्यांचा नर-मादीचा मुद्दा पपईला लागू पडतो, करमळीला नाही. करमळीच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. गोम वेगळीच आहे. या झाडांचे फुलांवरून दोन प्रकार पडतात. एका प्रकारात स्त्रीकेसराची टोकं पुंकेसरांच्या वर डोकावतात. दुसऱ्यात ती आखूड असतात आणि पुंकेसरांच्या खाली दडलेली राहतात. एका झाडावर सगळी फुलं एकाच प्रकारची. पुष्कळ झाडांना स्वतःचे पराग चालत नाहीत, स्वतःच्या प्रकारच्या दुसऱ्या झाडाचेही नीट चालत नाहीत. उंच टोकाच्या फुलाला आखूड प्रकारच्या झाडाचे पराग लागतात आणि उलट. काही जाती एकट्यानेही फळतात, पण बियाच्या रोपाबद्दल तशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. कोकणात वाड्यावाड्यांतून ही झाडं असतात, म्हणून तिथे हा प्रश्न जाणवत नाही. जुळे सोलापुरात तुमच्या झाडाला सोबती असण्याची शक्यता फारच कमी.

तुमचं झाड कोणत्या प्रकारचं आहे हे घरच्या घरी कळेल. पुढचा बहर आला की सकाळी नुकतंच उमललेलं फूल घ्या, सुईने पाकळ्या बाजूला करा आणि भिंगातून बघा. फूल जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्मं असतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाही. मधली पाच बारीक टोकं वर दिसतात की खाली दडलेली, एवढंच पाहायचं. मोबाइलने जवळून फोटो काढला तरी चालेल.

मग सोबत्याची सोय. जागा असेल तर ३ फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन दुसरं झाड लावा. ते मात्र कलमीच घ्या. नर्सरीत बुंध्यावरचा कलमाचा सांधा स्वतः बघून घ्या, आणि शक्य असेल तर फुलावर आलेलं रोप निवडा, म्हणजे प्रकार तिथेच तपासता येईल. कलम वर्ष-दीड वर्षात फुलायला लागतं. दोन झाडांत १२ ते १५ फूट अंतर पुरे. जागा नसेल तर दुसऱ्या प्रकारच्या झाडाची काडी आणून तुमच्याच झाडाच्या एका फांदीवर पाचर कलम करता येतं. आंब्याची कलमं बांधणारा जाणता माळी हे काम करतो. एका फांदीवर दुसऱ्या प्रकारची फुलं आली की सगळ्या झाडाचं काम भागतं. बियांपासून दुसरं रोप करायचं मनात असेल तर एवढं लक्षात ठेवा : करमळीचं बी फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत उगवण गमावतं. पाकिटातलं वाळकं बी विकत घेऊ नका.

पराग नेण्याचं काम मधमाश्या करतात. फुलोरी माशी आणि पोयाच्या बारीक माश्या शहरातही असतात. परसात तुळस, शेवगा असेल तर त्या रेंगाळतात. फुलांच्या दिवसांत झाडावर कसलंही कीटकनाशक मारू नका. कडुलिंबाचा अर्क मारायचा झाला तरी तो फुलांआधी, नाहीतर फळ धरल्यावर.

आता दिरांच्या सल्ल्याकडे येते. त्यांचा अनुभव खोटा नाही, तो डाळिंबाचा आहे. सोलापूर जिल्ह्यात बहार धरणं, म्हणजे ठरवलेल्या हंगामात झाड फुलवणं, लहान पोरांनाही कळतं, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या केगावलाच आहे. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, कुठलाही धरायचा तर आधी पाणी तोडायचं, पानगळ करायची, छाटणी करून खत-पाणी सुरू करायचं. डाळिंब इराणकडच्या कोरड्या मुलखातलं. ताण सोसणं त्याच्या अंगात आहे, आणि त्या काळात फांदीत साठलेल्या अन्नावर ते फुलतं. करमळ आलं आग्नेय आशियाच्या दमट, सदाहरित प्रदेशातून. त्याला वर्षभर विखुरलेला १८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मानवतो. आपल्याकडे साडेपाचशेच्या आगेमागे पडतो, तोही चार महिन्यांत आणि लहरीने. मुळं उथळ. पाणी तुटलं की ते आधी फुलं टाकतं, मग कोवळी फळं, मग पानं.

आणि ताण देतात तो फुलं यावीत म्हणून. तुमच्या झाडाला फुलांची टंचाई कधीच नव्हती. आलेली फुलं टिकत नाहीत हे दुखणं आहे, आणि त्यावर ताण हा उलटा उपाय. फेब्रुवारीत जे पाणी सुरू केलंत ते आता पावसाळ्यापर्यंत तुटू देऊ नका. गळलेली पानं पुन्हा येतील. फांदीचं टोक नखाने किंचित खरवडून बघा, आत हिरवं असेल तर घाबरण्याचं कारण नाही.

खरा शत्रू तुम्ही पत्रात ओझरता सांगितलाय : पश्चिमेचं कुंपण. सोलापूरचा मार्च ते मे मधला वारा या झाडाला सगळ्यात घातक. करमळीला २१ ते ३२ अंशांची हवा आवडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि दुपारी हवेत ओलावा म्हणून राहत नाही. गरम कोरड्या वाऱ्यात स्त्रीकेसराचं टोक सुकतं, त्यावर पराग रुजतच नाही. पानांच्या कडा करपतात, कोवळे शेंडे काळे पडतात. जून-जुलैत पुन्हा पश्चिमेचाच जोराचा वारा, मग पानं फाटतात आणि फळं एकमेकांवर घासून डागाळतात. परागांची सोय झाली आणि आडोसा नसला तरी हाती काही लागणार नाही, म्हणून कामाला सुरुवात इथूनच करा.

यंदापुरता उपाय म्हणजे तुराट्यांची ताटी. झाडापासून ३-४ फुटांवर, झाडापेक्षा हातभर उंच, पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला उभी करा. खालच्या भागाला कडब्याच्या पेंढ्या टेकवल्या तरी चालतात. पत्रा किंवा भिंतीसारखं सलग काही नको. त्यावर आपटून वारा वरून उसळतो आणि मागे भोवरे होतात. ताटीतून वारा गाळून येतो, तेच हवं. वरून ३५ ते ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मार्च ते मे एवढीच बांधा. जाळी वर्षभर ठेवलीत तर फुलं कमी होतील, करमळीला फुलायला ऊन लागतं. कायमचा आडोसा म्हणून जूनमध्ये कुंपणालगत हदगा किंवा शेवगा लावा. दोन्ही भराभर वाढतात, मुळं फार त्रास देत नाहीत आणि भाजीही मिळते. मला यात हदगा जास्त आवडतो. पानमळ्यांत वेलीच्या आधाराला आणि सावलीला तो पूर्वापार लावत आले आहेत, उगाच नव्हे.

पाण्याचं सांगते. संध्याकाळी पानं मिटणं हा करमळीचा रोजचा स्वभाव. उजेड कमी झाला की पानांच्या जोड्या खाली मिटतात, सकाळी उघडतात. झाड जोरात हलवलं तरी मिटतात. ती तहानेची खूण नाही, तेव्हा रात्रीचं पाणी आजच बंद करा. मुळांशी सतत चिखल राहिला तर मुळकुज लागते, आणि मुळं कुजलेल्या झाडाची पानंही सुकल्यासारखीच दिसतात, मग माणूस आणखी पाणी घालतो. पाणी द्यायचं की नाही ते खुरप्याने ठरवा : बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर बोटभर खोल उकरा, माती हाताला ओलसर लागली तर थांबा. उन्हाळ्यात साधारण एक-दोन दिवसांआड द्यावं लागेल, सकाळी लवकर, आणि बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली. झाडाभोवती उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, बुंध्यापासून वीतभर मोकळं सोडा. सोलापूर जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही आणि त्याने पाण्याची गरज बरीच उतरते. गावाला जायचं झालं तर मातीचे दोन कोरे माठ घेराखाली गळ्यापर्यंत पुरून ठेवा. ते झिरपत राहतात.

बोअरच्या पाण्याकडे मात्र काणाडोळा करू नका. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर त्या पाण्यात क्षार आहेत, आणि करमळ क्षारांना फार हळवं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची ठरलेली खूण. जमिनीत लोह नसतं असं नाही. आपली काळी माती आणि खालचा चुनखडीचा मुरूम यांचा सामू, म्हणजे पीएच, बहुधा साडेसात ते साडेआठ. करमळीला साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान बरं वाटतं. चुन्याच्या जमिनीत लोह, जस्त, मँगनीज बांधून पडतं, मुळांना उचलता येत नाही. तुमच्याकडचा मुरूम चुन्याचा आहे का ते बघायचं तर कोरड्या खड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे.

जमिनीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट टाकू नका. चुन्याच्या मातीत ते थोड्याच दिवसांत निकामी होतं. फवारणी करा : १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत, ताजं कालवून, ऊन उतरल्यावर, नव्या पानांवर. १५ दिवसांच्या अंतराने तीनदा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा, पानं करपली नाहीत तर पूर्ण झाडावर. मातीतूनच द्यायचं असेल तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागताना ईडीडीएचए हे नाव सांगा. ईडीटीए नावाचं स्वस्त मिळतं, पण ते आपल्या सामूच्या मातीत टिकत नाही. द्राक्षवाल्यांना हा फरक पाठ असतो. जस्त आणि मँगनीजसाठी मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांची एखादी फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर पुरे.

आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी या झाडाला कधीही घालू नका, त्यात क्षार गोळा झालेले असतात. कपडे धुतलेलं साबणाचं पाणीही नको. पावसाळ्यात गच्चीचं पाणी पाइपाने थेट झाडाच्या आळ्यात वळवा, साठलेले क्षार खाली धुऊन जातात. फक्त आळ्यात पाणी दिवसचे दिवस तुंबत नाही ना एवढं बघा.

खताचं फार बोलत नाही. मृगाच्या सुमारास दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड, दिवाळीच्या आसपास पुन्हा त्याच्या निम्मं. युरिया टाळा. नत्राने झाड पानांतच रमतं.

छाटणी हलकी. पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे शेंडे वीतभर खुडा, वाळलेल्या काड्या काढा, बस. आतल्या बारीक फांद्या साफ करण्याचा मोह आवरा. करमळीला फुलं पानांच्या बेचक्यात तर येतातच, पण आतल्या जुन्या, उघड्या फांद्यांवर आणि खोडावरही येतात. शेंडे खुडल्यावर काही आठवड्यांत नवे घोस दिसू लागतील. त्या वेळी हवेत ओलावा असतो, ऊन सौम्य असतं, माश्या फिरत असतात. सोलापुरात फळ धरायला हाच खरा काळ. उन्हाळ्यात फुलं आली आणि गळली तर मनाला लावून घेऊ नका. पावसाळ्यातली फुलं राखा.

त्याच वेळी एक प्रयोग करा. ओळखीपाळखीत, मग ते कुर्डुवाडीला असो की पुण्याला, कुणाकडे फळणारं करमळ असेल तर पहाटे त्याची फुलांची डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. त्या फुलातले पराग बारीक मऊ ब्रशने तुमच्या झाडाच्या वीस-पंचवीस फुलांना लावा आणि त्या घोसांना दोरा बांधून ठेवा. बाकीची फुलं गळून तेवढेच घोस धरले, तर दुखणं कुठे आहे ते पक्कं झालं.

फळ धरल्यावर पहिल्या वर्षी हावरेपणा नको. एका घोसात एक-दोन फळं ठेवा, बाकीची करंगळीएवढी असतानाच काढा, नाहीतर फांद्या मोडतात. राहिलेल्या फळांना बटर पेपरच्या पिशव्या बांधा. फळमाशी सालीत अंडी घालते आणि आत अळ्या होतात. पोपटही सोडत नाहीत. शेजारी पेरू, आंबा असेल तर फळमाश्यांसाठी मिथाइल युजेनॉलचा सापळा एक टांगा. धरल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फळ तयार होतं. झाडावरच पिवळं होऊ द्या. तोडल्यावर ते रंग बदलेल, मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. खाताना पाचही धारांची कड सुरीने काढून टाका, आंबटपणा तिथेच जास्त असतो. हिरवी फळं मिरचीबरोबर लोणच्याला किंवा आमटीत चिंचेऐवजी छान लागतात. फारच आंबट निघाली तर पितळेची भांडी त्यांनी लखलखीत निघतात, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल ते काम करतं.

हेच ऑक्झॅलिक आम्ल मला सासूबाईंच्या प्रश्नाकडे घेऊन येतं, आणि तुमच्या सगळ्या पत्रात हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. करमळीत साखर कमी असते, म्हणून मधुमेहींना ते चांगलं असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. त्यावर विसंबू नका. या फळात ऑक्झॅलेट भरपूर असतं, शिवाय कॅरॅम्बॉक्सिन नावाचं, मेंदूवर परिणाम करणारं विष असतं. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी ते २०१३ मध्ये ओळखलं. मूत्रपिंडं धड असतील तर ती हे बाहेर टाकतात. मूत्रपिंडं अधू असतील तर ते रक्तात साठतं. मग न थांबणारी उचकी, उलट्या, भ्रम, झटके. एखाद्या फळाने किंवा अर्ध्या पेला रसानेही हे घडलेलं आहे आणि माणसं दगावलेली आहेत. मधुमेह जुना असेल तर मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो आणि बऱ्याचदा तो कुणाला जाणवतही नाही.

तेव्हा सासूबाईंची क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी गेल्या सहा महिन्यांत झाली नसेल तर करून घ्या, आणि डॉक्टरांना फळाचं नाव सांगून विचारा. तोवर त्यांना फोडही नको, रसही नको, लोणचंही नको. मुरवल्याने किंवा शिजवल्याने ते निर्धोक होतं असं धरून चालू नका. रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा अंमल या फळाने वाढू शकतो, म्हणून गोळ्यांची यादीही दाखवा. घरातल्या धडधाकट माणसांनी एखादं फळ जेवणानंतर खायला हरकत नाही, मात्र रिकाम्या पोटी पेलाभर रस कुणीच घेऊ नये. फळं जास्त आली आणि शेजारीपाजारी वाटलीत, तर घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का, कुणाचं डायलिसिस चालू आहे का, हे विचारूनच द्या. उचकी, उलटी, बरळणं असं काही कुणाला झालं तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचं आणि करमळ खाल्ल्याचं आवर्जून सांगायचं.

ताटी आणि पाचट या आठवड्यातच करा, ऊन वाढायच्या आत. फवारणी नवी पालवी दिसली की. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं आली की पाकळ्या काढलेल्या फुलाचा जवळून घेतलेला फोटो मला पाठवा. उंच टोकाचं आहे की आखूड, ते पाहून सोबतीला कोणत्या फुलाचं कलम घ्यायचं ते कळवते.